बिनपुलाचा मतदारसंघ

आमचा मतदारसंघ गेला त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. पाळावं असं त्याने केलं तरी काय होतं? पहिला खासदार बॅरिस्टर. निवडून आल्यावर एकदाच इथे दिसला, तोही पुढची गाडी चुकली म्हणून. दुसरा गिरणीमालक; त्याने गिरणी बंद केली आणि पुतळा तेवढा उभा केला, स्वतःच्या वडिलांचा. तिसरा सिनेमातला नट. त्याने रुळांवरच्या पुलाची कोनशिला बसवली. तिच्यावर बसून गावातल्या रिकामटेकड्यांच्या दोन पिढ्या विड्या ओढून गेल्या. नटानंतर त्याचा मुलगा. बापाची कोनशिला त्याने धुऊन घेतली, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

घरं रुळांच्या दोन्ही बाजूंना. बाजार आणि कारखाना अलीकडे, शाळा पलीकडे. मालगाडी उभी असली की लोक डब्यांखालून वाकून जातात. माझी भाची, ताईची एकुलती एक, शाळेतून येताना तशीच वाकून निघाली आणि दुसऱ्या रुळावरून भरधाव गाडी आली. नऊ वर्षांची होती. याहून जास्त मला सांगवत नाही.

ताईचे यजमान, आमचे दाजी, शिंपी. त्यांना बोलायचं तर आधी तोंडातल्या टाचण्या काढाव्या लागायच्या, असा मितभाषी माणूस. तो उठला आणि निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. पत्रकं मी माझ्या छापखान्यात छापली. मजकूर एकच ओळ: 'पूल द्या, मी बसतो.' पहिल्या वेळी लोक हसले आणि डिपॉझिट जप्त झालं. दुसऱ्या वेळी हसणारे कमी झाले. तिसऱ्या वेळी नटाचा मुलगा कसाबसा तरला, आणि निकालानंतर स्वतः दुकानात येऊन कोटाचं माप देऊन गेला. पुढच्या खेपेला दाजीच येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

तेवढ्यात मतदारसंघांची फेररचना निघाली. त्यासाठी सभागृहात सुनावणी ठेवली होती. अधिकारी गोड बोलणारा होता. बाकीचे सगळे मतांची बेरीज-वजाबाकी मांडत बसले. दाजींना एकच विषय ठाऊक.

"साहेब, या रुळांनी आमच्या गावाचे दोन तुकडे केलेत," ते म्हणाले. "इकडच्या माणसाला तिकडे जाता येत नाही. एका गावात राहून आम्ही एकमेकांना परके झालोय."

साहेब मान हलवत लिहून घेत होते. दाजी घरी आले ते जवळजवळ हसतच. "पहिल्यांदा कुणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं," ते ताईला म्हणाले.

मग आदेश आला. आमचा मतदारसंघ रद्द. अलीकडचं गाव एका शेजारच्या मतदारसंघात, पलीकडचं दुसऱ्यात. हद्द म्हणजे रूळ. कारण, स्थानिक रहिवाशांनीच सांगितल्याप्रमाणे या दोन भागांत येणंजाणं नाही.

मला राग आला तो साहेबाचा नाही, दाजींचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण ओठांवर आली होती, ती गिळली. ताईने मात्र विचारलं, "तुम्ही नेमकं काय बोललात?" दाजींनी शब्दन् शब्द सांगितला.

"यात खोटं काय आहे?" ती म्हणाली आणि आत गेली. 

निवडणुकीनंतर दाजी दोन्ही खासदारांकडे जाऊन आले. दोघांचं उत्तर एकच: पूल झाला तर अर्धा त्या दुसऱ्या खासदाराच्या हद्दीत जाणार, आधी त्यांना विचारा. टोलवाटोलवीत वर्षं गेली. दाजींची मतं दोन्हीकडे निम्मी निम्मी वाटली गेली होती. पुन्हा उभं राहण्यात अर्थ उरला नव्हता.

परवा मी दुकानात बसलो होतो तेव्हा पलीकडचा एक फिटर आला. इथल्या कारखान्यात कामाला आहे. त्याची मुलगी त्याचा डबा घेऊन येताना रुळांवर गेली, त्याला आठवडाही झाला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"पूलवाले, तुम्ही परत उभे राहा," तो म्हणाला. "आमच्या गल्लीतलं एकूण एक मत तुमचं."

"तुमचं मत आता मला पडत नाही," दाजी म्हणाले. "तुम्ही त्या बाजूचे."

"मग मी काय करू?"

  आतल्या दारात ताई उभी होती, तीच बोलली.

"घरी जा, भाऊ. तिच्या आईजवळ बसा. हे आमचे पुलाच्या मागे लागले, आणि मी इतकी वर्षं या घरात एकटीच रडत बसले."

फिटर उठला आणि रूळ ओलांडून घरी गेला. दुसरी वाटच नाही.  ताईने हे दाजींना कधी सांगितलं नव्हतं, आणि आज सांगितलं तेही एका परक्या माणसाला.