फॉर्मवरचा उजवा हात

टेक्निशियन बाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मास्तर चिडले. मुलगी कुठल्या हातानं लिहिते? फॉर्मवर त्यांनी स्वतः, वळणदार अक्षरात ‘उजव्या’ असं लिहिलं होतं. चाळीस वर्षं शाळेत पोरांचं अक्षर सुधारणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचा हात ठाऊक नसेल?

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना आत नेऊन पडद्यासमोर बसवलं. मुलीच्या मेंदूत उजवीकडे लिंबाएवढी गाठ होती. उजव्या हातानं लिहिणाऱ्या बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, तेव्हा गाठ आजूबाजूच्या भागासकट निर्धास्त काढता येईल, असं सर्जन म्हणाले होते. ऑपरेशन परवा होतं. आजचा एमआरआय मात्र निराळा. मशीनमध्ये पडल्या पडल्या तिला एकेक अक्षर दाखवायचं, तिनं त्यावरून मनातल्या मनात शब्द आठवायचे, आणि मेंदूचा जो भाग कामाला लागेल तिकडं रक्त जास्त धावतं, तो भाग पडद्यावर केशरी दिसायचा. हा नकाशा हाती आल्याखेरीज सर्जन चाकूला हात लावत नसत. मास्तरांना हे नसते चोचले वाटले होते.

केशरी डाग उजवीकडे होता, गाठीला अगदी खेटून.

डावं-उजवं उलटं लागलं असेल म्हणून बाईंनी दोनदा तपासलं, चाचणीही पुन्हा घेतली. डाग जिथल्या तिथे.

“डावखुऱ्यांत कधी कधी असं असतं,” त्या म्हणाल्या. “काका, लहानपणी हात बदलायला लावला होता का?”

मास्तरांच्या पाचावर धारण बसली. लावला होता. ती चार वर्षांची असताना पट्टी मारमारून त्यांनी तो हात सहा महिन्यांत वळणावर आणला होता, आणि वर तो पराक्रम चारचौघांत मिरवलाही होता. पुढे त्यांच्या लेखी पोर उजवीच. ही तपासणी झाली नसती, तर त्यांच्या त्या एका शब्दावर विसंबून परवा चाकू चालला असता. फोनवर आठ-आठ तास लोकांच्या तक्रारी निस्तरणारी, घरात कुणाला बोलू न देणारी त्यांची मुलगी मुकी होऊन बाहेर आली असती.

बाईंनी तिथूनच सर्जनांना फोन लावला. ऑपरेशन आता तिला जागं ठेवून, तिच्याशी बोलत बोलत करायचं ठरलं. शब्द अडखळला की थांबायचं. थोडी गाठ आत राहील, पण बोलणं बहुधा वाचेल.

मुलगी कपडे बदलून आली, तेव्हा मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिला म्हणाले, “माझं चुकलं. मी साफ विसरलो होतो.”

“मी नव्हते विसरले,” ती म्हणाली. “तुम्ही समोर नसलात की मी सगळं डाव्यानंच करते.”

“अगं, मग फॉर्म भरताना बोलली का नाहीस? शेजारीच तर बसली होतीस.”

एकोणचाळीस वर्षांची त्यांची लेक खाली बघत राहिली.

“तुम्ही लिहीत होता ना, बाबा,” ती म्हणाली. “मला भीती वाटली.”