सातवा चमचा

खोकला आला तो नेमका सातव्या चमच्याला. सहा चमचे कसे सुरळीत गेले होते. धारवाल्यांना तर भलताच चेव चढला होता, "वा सरकार, वा! आता हा एक!" म्हणत त्यांनी सातवा चमचा पुढे केला आणि बायकोचा चेहरा एकदम लाल झाला. डोळ्यांना पाणी आलं, ठसक्यावर ठसका लागला आणि चॉकलेटचं दूध हनुवटीवरून ओघळून गळ्याशी बांधलेल्या टॉवेलवर उतरलं.

सून हातातलं काम टाकून धावत आली. तिनं सासूला पुढे वाकवून धरलं, ठसका थांबेपर्यंत पाठीवरून हात फिरवला.

"बाबा, बास करा आता. थकल्यात त्या."

"थकायला झालं काय? सहा गेले ना व्यवस्थित? मग सातव्यानंच काय घोडं मारलंय?" आणि मग जे बोलू नये ते ते बोलून बसले. "अगं, जरा मनावर घे की! का तुलाच हवीय ती नळी नाकात?"

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. आजारापासून तिचा अर्धा चेहरा काही सांगत नसे, पण उरलेल्या अर्ध्यानं जे सांगायचं ते सांगितलं. मग तिनं मान भिंतीकडे वळवली.

पाच आठवड्यांपूर्वी एका सकाळी, कपाट आवरता आवरता, तिचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं. हात हळूहळू सुधारत होता. बोलणंही, अडखळत का होईना, एकेका शब्दानं परत येत होतं. पण घसा मात्र गिळायचंच विसरून गेला होता. म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली. ती तिनं दोनदा उपसून काढली होती आणि दोनदा ती परत घालावी लागली होती. ती घालताना धारवाले व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते. एवढा मोठा माणूस, पण त्यांच्यानं बघवेना.

गिळायचे व्यायाम शिकवायला येणारी थेरपिस्ट दिसायला अगदी कॉलेजातली पोरगी, पण बोलणं पक्कं. "काका, पाणी, साधं दूध, हे फार पातळ असतं. घसा तयार व्हायच्या आतच श्वासनलिकेत घुसतं. दाट पदार्थ सावकाश जातो, घशाला वेळ देतो. गुरुवारी अकराला मी येते. माझ्यासमोर अर्धा कप, म्हणजे वीसेक चमचे, न खोकता गेले तर डॉक्टर नळी काढायला तयार आहेत. नाही गेले, तर मग पोटाला छोटं भोक पाडून तिथून नळी घालतील."

पोटातल्या नळीचं नाव काढताच बायकोनं डाव्या हातानं बिछान्यावर अशी काही थाप मारली होती, की थेरपिस्टबाईही दचकल्या. ती नळी एकदा आली की जन्माची, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

आणि दाटपणा म्हणाल, तर धारवाल्यांच्या हातचा मळ होता तो. दूध डेअरीच्या चॉकलेट दुधाच्या विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि काम एकच, दूध बाटलीत जाण्याजोगं दाट झालंय का ते बघायचं. तळाला भोक असलेला स्टीलचा पेला भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. म्हणून सगळी डेअरी त्यांना धारवाले म्हणे, आणि खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. थेरपिस्टबाईंनी घरी दाटपणा मोजायची रीत दाखवली तेव्हा त्यांना हसूच आलं. बिनसुईची सिरिंज खालून बोट लावून दहापर्यंत भरायची, दहा सेकंद बोट सोडायचं आणि आत चार ते आठच्या दरम्यान उरलंय का ते बघायचं. "अहो बाई, मी जन्मभर दुसरं केलंय काय?" ते म्हणाले होते.

आता डेअरीत टाक्यांनी दूध बनवणाऱ्या या गृहस्थांनी घरी कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं आणि कोको गोळे होऊन वर तरंगत बसला. दुसऱ्या दिवशी दूध तळाला लागलं आणि सुनेनं नाकाला पदर लावून खिडक्या उघडल्या. तिसऱ्या दिवसापासून मात्र घडी बसली. कोको आणि साखर दोन चमचे गरम दुधात घोटून घ्यायची, कॉर्नफ्लोअर थंड दुधात विरघळवून शेवटी घालायचं, चमच्याला लेप धरेपर्यंत ढवळायचं, गाळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मग सिरिंज लावायची. साडेपाच. रोज साडेपाच! सून थक्क व्हायची.

तरीही चार दिवस हेच चाललं होतं. पाच-सहा चमचे नीट आणि सातव्या-आठव्याला ठसका. घरात सगळ्यांनी अर्थ काढला, की घसा थकतो. मुलाचा कामावरून फोन आला तोही तेच सांगायला. "बाबा, हट्ट सोडा आता. पोटातून करून घेऊ. आईचे हाल बघवत नाहीत."

"उद्याचा गुरुवार जाऊ दे," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग उरलेलं दूध टाकून द्यायला ते कप घेऊन मोरीपाशी गेले. स्वतःचाच राग आला होता त्यांना. आजारी माणसावर ओरडलो आपण, आणि तेही कुणावर, तर जिनं एवढी वर्षं आपलं सगळं केलं तिच्यावर. त्यांनी कप कलंडला. दूध भसकन पडलं.

त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. अशी पडते होय धार? ही तर साध्या दुधाची धार होती. कपात थोडं उरलं होतं ते त्यांनी घाईघाईनं सिरिंजमध्ये ओतलं आणि बोट सोडलं. दहा सेकंद कशाला, चार सेकंदांत सिरिंज रिकामी! पातेल्यात थोडं शिल्लक होतं, ते मोजलं. साडेपाचाच्याही थोडं वर, चांगलं घट्ट.

पातेल्यातलं दाट आणि कपातलं पाणी. एकाच वेळी केलेलं, एकाच गाळणीतून गाळलेलं. मग घोडं पेंड खातंय कुठे? पातेल्यातून कपात येतं, कपातून चमच्यात, चमचा तोंडात, आणि तोच चमचा परत...

धारवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

तोंडात घातलेला चमचा टाकीत बुडवायचा नाही, हा त्यांच्या विभागातला पहिला नियम. नव्या पोरांना त्यांनी यावरून किती झापलं होतं! "लाळेचा एक थेंब पुरतो रे, पीठ फुटतं, दूध पातळ होतं," हे वाक्य तर त्यांना पाठ होतं. आणि घरी आल्यावर हा शहाणा माणूस चार दिवस एकच चमचा तिच्या तोंडात आणि कपात फिरवत बसला होता.

"सूनबाई!" त्यांनी एवढ्यांदा हाक मारली की ती घाबरूनच आली. त्यांनी पातेल्यातलं दूध दोन वाट्यांत ओतलं. एक चमचा स्वतः चाटला आणि एका वाटीत ढवळला. दुसरीत कोरा चमचा ठेवला. दोघं घड्याळाकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटांनी पहिली वाटी सिरिंजमधून सरसर खाली गेली, दुसरी साडेपाचावरच अडून राहिली.

सून बघतच राहिली. "म्हणजे बाबा, आई थकत नव्हत्याच?"

"नव्हतीच गं! मीच तिला पाणी पाजत होतो." ते स्टुलावर बसले. हसायला येत होतं आणि रडायलाही. तिचा घसा शाबूत होता. खोट होती ती आपल्या डोक्यात. एखाद्याला स्वतःची चूक सापडून इतका आनंद कधी झाला नसेल.

ते बायकोपाशी गेले. ती अजून भिंतीकडेच तोंड करून होती. "सरकार, तुमचं काही चुकलं नाही. चमच्याचं चुकलं. म्हणजे माझंच. मगाशी बोललो ते मागे घेतो." त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तिनं सावकाश मान फिरवली, डावा हात वर केला आणि त्यांचा कान धरून चांगला पिळला.

"ये...डा," ती म्हणाली.

गुरुवारी अकराला थेरपिस्टबाई आल्या तर टेबलावर चमच्यांची ही रांग. घरात अकराच निघाले, म्हणून सुनेनं शेजारून मागून आणले होते. शेजारीण विचारत होती, की एवढे पाहुणे येणार तरी कोण?

"काका, हा काय प्रकार?"

धारवाल्यांनी कालची हकीगत सांगितली. "काका, हे मला शिकवलेलं आहे," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहिलं. सॉरी."

"तुम्ही काल नोकरीला लागलात. मी एकतीस वर्षं केली, मला कुठे आठवलं? चला, सुरू करा."

पाठीशी उशा, हनुवटी किंचित खाली. एक चमचा, गिळणं, मग "आ" म्हणायचं, आवाज मोकळा आहे ना ते बघायचं. वापरलेला चमचा बाजूच्या भांड्यात, नवा हातात. चौथा. पाचवा. सहावा. सातव्याला सुनेनं दाराची चौकट घट्ट धरली. धारवाल्यांनी तो चमचा थेरपिस्टबाईंच्या हाती दिला.

बायकोनं गिळलं. सगळे थांबले.

"आऽऽ," ती म्हणाली. स्वच्छ.

पुढचे चमचे धारवाल्यांनीच दिले. बाराव्याला तिनं मधेच हात वर केला, तेव्हा धारवाल्यांनी पुढचा चमचा अर्ध्यातच मागे घेतला. पण तिला फक्त ओठ पुसून हवे होते. विसावा चमचा गेला आणि थेरपिस्टबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. बोलणं दोन मिनिटांचंच झालं, डॉक्टर काढा म्हणाले. त्यांनी हात धुतले, गालावरची चिकटपट्टी हलकेच सोडवली, "एक मोठा श्वास घ्या काकू" म्हणाल्या, आणि नळी बाहेर आली. तेव्हा कुठे घरातल्यांचा जीव भांड्यात पडला. सून रडत रडत नवऱ्याला फोन लावू लागली.

बायको आता काहीतरी बोलेल म्हणून धारवाले वाकून उभे राहिले. पण तिला कुणाशी बोलायची फुरसत नव्हती. डोळे मिटून, डाव्या हाताच्या चारही बोटांनी, ती आपलं नाक खाजवत होती. वरून खाली, दोन्ही बाजूंनी, मनसोक्त. नाक लालबुंद झालं तरी तिचं चाललंच होतं, आणि थांब म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.