दारामागची पाटी

धाकटी जाऊ थोरलीला घेऊन टायरच्या दुकानात गेली ती मोठे टायर घ्यायला. दोघी जावा मिळून रोपवाटिका चालवायच्या. एका नव्या बागेसाठी मोठाल्या कुंड्यांतली झाडं पोचवायची होती आणि मालवाहू गाडीचे मागचे टायर पार गुळगुळीत झाले होते. गाडी जुनी, थोरलीच्या भावाकडून घेतलेली. देताना दादा म्हणाले होते, टनभर माल डोळे झाकून घाला.

टायरवाल्याने आधी विचारलं, माल किती भरता? धाकटी म्हणाली, टनभर. त्याने मान वर करून पाहिलं, मग ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवर बोट ठेवलं. तिथे रंगाखाली एक पत्र्याची पाटी होती. धाकटीने किल्लीने रंग खरवडला तसे आकडे दिसू लागले. गाडी, माणसं, माल, सगळं मिळून तेवीसशे किलो, त्याहून जास्त नाही.

"मग रिकामी किती भरते ते बघा," तो म्हणाला. "उरेल तेवढाच तुमचा माल."

समोरच भंगारवाल्याचा वजनकाटा होता. माणसंही वजनात धरायची म्हणून दोघी गाडीतच बसून राहिल्या. काट्यावर अठराशे वीस आले. धाकटीने वजाबाकी एकदा केली, पुन्हा केली. चारशे ऐंशी. परवाच टेकडीवरून ओल्या मातीची वीस पोती आणली होती, एकेक पन्नास किलोचं. आणि तेव्हा दोघींच्या मध्ये थोरलीची मुलगी बसली होती, गाणी म्हणत.

थोरलीने पदर घट्ट धरून ठेवला होता.

दुकानात परत आल्यावर टायरवाल्याने गाडी जॅकवर घेतली आणि मागचं चाक काढून उलटं केलं. आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता, त्यातून दोरे डोकावत होते. टायर साध्या मोटारीचे होते, मालवाहू गाडीचे नव्हतेच. धाकटीने फुगवट्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

तरी तिने विचारलं, मोठे टायर लावले तर जास्त माल नेता येईल का? तो म्हणाला, नाही. मोठे टायर आत घासतील, ब्रेकवर ताण येईल, आणि स्प्रिंग नि ब्रेक तेच राहतील. टायर बदलला म्हणून गाडी मोठी होत नाही. याच मापाचे, पण जाड भिंतीचे, माल वाहणारे टायर घ्या आणि पाटीपुढे जाऊ नका.

थोरलीने तिथूनच भावाला फोन लावला. दादा आधी हसले. इतकी वर्षं टनभर नेला, काय झालं, असं काहीतरी म्हणाले.

"परवा उतारावर पोरगी आमच्या मध्ये बसली होती, दादा."

पलीकडचं हसू थांबलं. मग दादा हळूच म्हणाले, "माझ्याकडे असताना एकदा गाडी उतारावर थांबली नव्हती. भिंतीला जाऊन अडली. म्हणून तर विकली."

थोरलीने फोन कानापासून दूर केला आणि फोनकडेच नुसती बघत राहिली. सख्खा भाऊ. पाटीवर रंग कोणी मारला, हे तिने विचारलं नाही. धाकटीने खुर्ची पुढे सरकवली तेव्हा कुठे ती बसली.

चारही टायर बदलले, ब्रेकही उघडून दुरुस्त करून घेतले. झाडं दोन खेपांत जायची ती पाच खेपांत गेली. बागवाल्यांनी कुरकुर केली, धाकटीने ऐकून घेतली.

शेवटच्या खेपेला दादा न बोलावता बागेवर आले आणि कुंड्या उतरवू लागले. थोरलीने त्यांना पाणी दिलं, पण विचारपूस केली नाही. मुलगी मामाकडे धावली तेव्हा मात्र थोरलीने तिला हाताला धरून मागे ओढलं. का ओढलं, ते तिलाही लगेच कळलं नाही. दादांना कळलं होतं. ते कुंडी उचलून आत गेले.