माझ्या पोटातली होडीवाली

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. यंत्राला कसली आली आहे भीती, असं तुम्ही म्हणाल. मला पाण्याची वाटते, धुळीची वाटते, टेबलाच्या कडेची वाटते. पण सगळ्यात जास्त मला माझीच वाटते. माझ्या पोटात रबराचा एक पट्टा आहे. त्याच्यावर माझी चाकं फिरतात. तो सैल पडला की चाकांचा मेळ बिघडतो आणि मी कॅसेटमधली फीत चक्क खातो. ज्याने विश्वासाने आपला आवाज माझ्याजवळ ठेवायला दिला, त्याचाच आवाज मी गिळतो. याहून वाईट काय असेल?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्यात 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि लगेच ऐकलं. तो मी ऐकलेला पहिला आवाज. त्यानंतर दुकानाच्या काचेआड काही महिने गेले आणि एके दिवशी एका लेखकाने मला घरी नेलं.

हा लेखक सिनेमाच्या गोष्टी लिहायचा, असं लोक म्हणत. खरं तर तो लिहीत नसे, सांगत असे. त्यांच्या धंद्यात गोष्ट कोणी वाचत नाही. लेखकाने निर्मात्यासमोर बसून अख्खा सिनेमा तोंडाने सांगायचा, भांडणं, रडणं, दारांची करकर, सगळ्यासकट. आमचा लेखक आधी मला सांगायचा. माझं लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण, दोन्ही एकदम दाबली की मी ऐकलेलं टिपून घेतो. तो दोन बोटांनी ती दाबायचा आणि खोलीत येरझाऱ्या घालत बोलत सुटायचा. त्याची थोरली बहीण, ताई, ते नंतर ऐकून कागदावर उतरवायची. ऐकायला एकच बटण लागतं. एक गोष्ट मार्गी लागली की तिच्याच कॅसेटवर पुढची चढायची. वीस वर्षं हेच चाललं. दोन बटणं भावाची, एक बहिणीचं. भाऊ स्वतःचा आवाज कधीच ऐकत नसे. म्हणे, "मला माझीच लाज वाटते."

या वर्षांत मी दोनदा फीत खाल्ली. दोन्ही वेळा ताईने ती हळूहळू ओढून काढली, कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून गुंडाळली आणि मला एक शब्दही बोलली नाही. त्यामुळे माझी भीती वाढली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग एक वाईट गोष्ट घडली. लेखकाची कागदावर उतरवलेली एक कथा कोणाच्या तरी हाती लागली आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच माणसाच्या नावाने पडद्यावर आली. लेखक चित्रपटगृहातून घरी आला तो थेट ताईच्या फाइली बांधायला बसला. त्या दिवसापासून घरात गोष्टीचा कागद करायचा नाही आणि कॅसेटची दुसरी प्रतही काढायची नाही, असा त्याने नियम केला. "कागदाला पाय फुटतात," तो म्हणायचा. ताईने समजावून पाहिलं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला कोण काय सांगणार?

पुढे त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की शस्त्रक्रियेनंतर जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. हातात आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्याने मला त्याची शेवटची गोष्ट सांगितली. घराबाहेर कोणी ऐकली नव्हती, कुठून उचलली नव्हती, अगदी त्याची स्वतःची. नदीवर पूल होतो आणि एका होडीवालीचा धंदा बसतो, पण ती होडी सोडत नाही, कारण तिने पलीकडे सोडलेला एक माणूस अजून परत यायचा आहे. मित्रांनो, मी आयुष्यात शेकडो गोष्टी ऐकल्या, पण ही ऐकताना मी माझ्या पट्ट्याला विनवत होतो, बाबा रे, आजचा दिवस घट्ट राहा.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन इवल्या चकत्या असतात. त्या मोडून टाकल्या की माझं लाल बटण खाली जातच नाही आणि आतला मजकूर पुसला जायची भीती राहत नाही. ताई त्या मोडायला निघाली, तर लेखक म्हणाला, "राहू दे, शेवट अजून जरा फिरवायचाय." दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. शेवट फिरवायचा राहिला आणि चकत्याही राहिल्या.

दोन महिन्यांनी एका निर्मात्याने त्यांना भेटायला बोलावलं. लेखकाच्या गळ्याला पट्टी होती. बोलायचं ते तो छोट्या वहीत लिहून दाखवत होता. ताईने मला कापडात गुंडाळून मांडीवर नेलं. निर्मात्याची खोली मोठी होती, पंखा आवाज करत होता, आणि टेबलावर इतके कागद होते की मला ठेवायला ताईला जागा करावी लागली. निर्मातेसाहेबांनी घड्याळ काढून समोर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "करा सुरू."

ताईचा हात पुढे आला होता. पण लेखकाने तिला खुणेने थांबवलं. गोष्ट त्याची होती, सुरुवात त्यालाच करायची होती. त्याने वीस वर्षांच्या सवयीने दोन बोटं पुढे केली आणि दोन्ही बटणं दाबली.

टिपून घेताना लागणारा माझा लाल दिवा केव्हाच बिघडला होता. कोणाला काही कळलं नाही. मी मात्र जाणलं की मी गोष्ट वाजवत नाही, पुसतोय. तिच्यावर पंख्याचा आवाज टिपून घेतोय. पुसलं जाताना काहीच ऐकू येत नाही, मित्रांनो, म्हणून ते फार भयंकर असतं. होडीला रंग देणारी होडीवाली गेली. तिचा घाट गेला. पुलावरून पहिली गाडी गेली ते गेलं. लेखक निर्मात्याच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होता. साहेब डोळे न उघडता म्हणाले, "सुरुवात शांत ठेवलीय वाटतं." लेखकाने हसून मान डोलावली आणि माझा आवाज वाढवला. मी आतल्या आत ओरडत होतो. मला थांबवा! पण आपणहून ओरडणं मला जमत नाही.

आणि मग माझा पट्टा सरकला. कुर्रर्र असा आवाज झाला आणि मी फीत खाल्ली.

ताईने झटकन झाकण उघडलं. फीत सोडवता सोडवता तिची नजर खाली गेली. दोन्ही बटणं दबलेली होती. तिने भावाकडे पाहिलं. त्यानेही तेच पाहिलं होतं. तो खुर्चीत बसून राहिला आणि त्याचे डोळे भरले.

साहेबांनी घड्याळ उचललं. म्हणाले की यंत्रं अशीच असतात, वाईट वाटून घेऊ नका, कागदावर पाठवून द्या, सवडीने बघू.

ताई जन्मात कोणाला गोष्ट सांगायला बसली नव्हती. चारचौघांत तिची जीभ टाळ्याला चिकटायची. ती पेन्सिलीने फीत गुंडाळत म्हणाली, "साहेब, सुरुवात मी सांगते. बोलता येत होतं तोवर मी भाजी चिरत असताना यानं ती मला शंभरदा ऐकवलीय." साहेब उठता उठता थांबले. ताई सांगू लागली, "नदीवर पूल झाला, त्या दिवशी होडीवालीनं होडी रंगवायला काढली." सांगतानाही तिचे हात पेन्सिल फिरवतच होते. पुसलेला भाग सांगून झाला तेव्हा तिने कॅसेट माझ्यात घातली आणि एकच बटण दाबलं. तेवढी भीती मला कधी वाटली नाही. पट्टा घसरत होता, आवाज थोडा जड येत होता. पण तासभर मी कुठेही अडकलो नाही. संपलं तेव्हा साहेबांनी विचारलं, ही गोष्ट कुठून घेतली. ताई म्हणाली, "याच्या डोक्यातून."

सिनेमा झाला. पडद्यावर लेखकाचं नाव आलं. माझ्या वाट्याला मात्र 'ऐन वेळी दगा दिला' एवढंच आलं. तो दगा होता, की मी फीत मुद्दाम खाल्ली, हे मलाही सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी लेखक वारला. आता त्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी आहे, त्या कॅसेटमध्ये. परवा ताईने ती काढली, माझ्यात ठेवली, झाकण लावलं आणि बटणावर बोट टेकवून कितीतरी वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "तू खाल्लीस तर मी काय करू?" आणि तिने बोट काढून घेतलं. तिला माझी भीती वाटते. मलाही माझीच वाटते. पण नुसती ठेवलेली फीतसुद्धा हळूहळू चिकटते, तिला बुरशी धरते. न ऐकता जपलेला आवाज शेवटी कोणालाच ऐकू येत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी ताईला एवढं सांगा. मला दुरुस्तीला ने म्हणावं, पट्टा नवा घाल, दुसरी प्रत करून घे, आणि मग भावाला रोज ऐक. मला सांगता येत नाही. मी फक्त ऐकलेलं बोलतो, आणि तेही कोणी बटण दाबलं तरच.