पालथा आरसा

धाकटीचा राग घरात प्रसिद्ध होता. पण त्या सकाळी ती दुकानात शिरली तेव्हा रागावलेली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. राग यायला तिला चांगली दहा मिनिटं लागली.

दुकान आरशांचं. पुढे विक्रीचं काउंटर, मागे काच कापायची खोली. धाकटीचा धंदा फोटो काढायचा, आणि तेही फक्त दुकानांचे: बेकरी, सलून, औषधांचं दुकान, चपला शिवणाऱ्याची खोपटी. लग्नाचे फोटो ती घेत नसे, कारण तिथं लोकांना हसा म्हणून सांगावं लागतं आणि ते तिच्या जिवावर यायचं. दुकानात तिचे नियम ठरलेले होते. ट्यूबलाइट बंद, कारण ट्यूबचा आणि दारातला उजेड एकत्र आले की भली माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. लोंबत्या वायरी बाजूला, फुकटची कॅलेंडरं खाली. कामाच्या वस्तूंना मात्र हात लावायचा नाही. आणि सगळ्यात आधी विचारायचं, इथं काम कोण करतं? त्या माणसाला उजेडात उभं केलं की उरलेलं दुकान आपसूक नीट दिसतं.

इथं तिला विचारायची गरज नव्हती. दुकान तिच्या बाबांचं. त्यांनी दोन्ही मुलींना काच कापायला शिकवायला घेतलं होतं. धाकटीनं पहिल्याच दिवशी तीन काचा फोडल्या आणि वर टेबलालाच शिव्या घातल्या, तेव्हा बाबांनी तिला बाहेर उन्हात बसायला सांगितलं. ताई मात्र शिकली. गेली बावीस वर्षं या दुकानातला एकूण एक आरसा तिनंच कापला होता. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर इतके वण होते की मोजायला बसलं तर चहा गार व्हावा.

काउंटरवर भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते गिऱ्हाइकाच्या रूपाची अशी तारीफ करत की माणूस आरशात न बघताच आरसा घेऊन जाई. काच कापण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

आता एका मोठ्या हॉटेलला एकशे चाळीस खोल्यांसाठी आरसे हवे होते. त्यांनी दुकानाचे फोटो मागवले होते, कारागिराचा काम करतानाचा एक फोटो आणि नमुन्याचा एक आरसा. फॉर्मवर कारागिराचं नाव लिहायचं होतं आणि तेच नाव प्रत्येक आरशाच्या पाठीवर चिकटणार होतं. आदल्या दिवशी ताईनं फोन करून हळू आवाजात विचारलं होतं, निळा सदरा घालू की पांढरा. बावीस वर्षांत ताईनं कपड्यांबद्दल कुणाला काही विचारलेलं धाकटीला आठवत नव्हतं. निळा घाल, असं ती म्हणाली होती. पांढरा खिडकीजवळ डोळ्यांवर येतो.

आणि सकाळी बघते तर खिडकीजवळ भावोजी. नवा कोट, केसांना ताजा काळा रंग, हातात बाबांचा कटर. ताई काउंटरवर बसलेली, अंगावर मळका एप्रन गळ्यापर्यंत बांधलेला. कॉलरची तेवढी निळी किनार वर दिसत होती.

धाकटीनं विचारलं तेव्हा भावोजींनी तिला नीट समजावलं. हॉटेलवाल्यांना भरवसा वाटायला हवा. बाई काच कापते म्हटलं की लोक नाकं मुरडतात. शेवटी नाव दुकानाचं व्हायचं, फोटोत कोण आहे त्यानं काय फरक पडतो? तुझ्या ताईलाही पटलंय, विचार हवं तर. ताई काउंटरवरचा तोच तोच कोपरा फडक्यानं पुसत होती.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं वाद न घालता कॅमेरा बाहेर काढला, आणि तिला ओळखणाऱ्या माणसानं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

भावोजींनी कटर ताप मोजायचा असावा तसा चिमटीत धरला. टेबलावरच्या ब्लँकेटवर आरशाची काच, तिच्यात अख्खी खिडकी उतरलेली. चमक येतेय, असं धाकटी म्हणाली. तिनं दोन पावलं डावीकडे सरकायचं की झालं. पण ती सरकायच्या आत भावोजींनी काच उचलली, पालथी केली आणि रंग लावलेली पाठ वर करून ठेवली.

"घे," ते म्हणाले. "गेली चमक."

आरसा नेहमी चमकत्या बाजूनं कापतात. पाठीवरून कटर फिरवला तर नुसता रंग खरवडला जातो, काच तशीच राहते. हे धाकटीलाही ठाऊक होतं, जिनं आयुष्यात जेमतेम एक दिवस हे काम केलं होतं. हॉटेलवाल्यांच्या माणसाला तर बघताक्षणी कळलं असतं. तिनं भावोजींना हनुवटी जरा वर घ्यायला सांगितली. मग पालथ्या आरशावर कटर टेकवून ऐटीत उभ्या असलेल्या त्या माणसाचे तिनं अकरा फोटो काढले, आणि इतके नितळ फोटो तिनं वर्षभरात काढले नव्हते. रंगाचा प्रत्येक ओघळ त्यात दिसत होता. जा म्हणावं आता हॉटेलात. होऊ दे शोभा. तिला आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

भावोजी आरशात केस बघायला पुढे गेले तेव्हा ताई टेप न्यायला आत आली. टेबलाकडे बघून ती थबकली. मग तिनं धाकटीच्या हातातला कॅमेरा ओढून घेतला आणि मागच्या पडद्यावर फोटो पाहिला.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"आणि तू काढलास?"

"अकरा काढले. पाठवू दे त्यांना. कळू दे सगळ्यांना काय लायकी आहे ते."

ताईचा आवाज चढला नाही, पण धाकटीनं तो तसा कधी ऐकला नव्हता. "लोक त्यांना हसणार नाहीत गं. म्हणतील, या दुकानात पालथा आरसा कापतात. बाबांच्या दुकानात. बावीस वर्षं मी मान मोडून मिळवलेलं नाव तू तुझ्या रागापायी घालवणार. त्यांनी मला काउंटरवर बसवलं आणि तू मला हास्यास्पद करतेस. दोघांनी वाटून घेतलंयत का मला?"

धाकटीला तोंड वर करवेना. एवढा वेळ आपण ताईसाठी चिडलोय असं ती समजत होती.

ताईनं एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना तेव्हा हिसका देऊन नाडीच तोडली. आत निळा सदरा होता, इस्त्रीच्या घड्यांसकट. तिनं काच सुलटी केली, कटरचं चाक रॉकेलात बुडवलं, पट्टी लावली आणि वाकली. "काढ," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा करणार नाही. एका रेघेवर कटर दोनदा फिरवत नाहीत."

धाकटी दोन पावलं डावीकडे सरकली. कापड फाडल्यासारखा बारीक, सलग आवाज आला. तिनं चौकटीत फक्त ताईचे हात घेतले, कटर आणि काच. आणि काचेत, वाकलेल्या ताईचा अख्खा चेहरा होता, ओठ घट्ट मिटलेला, संतापलेला.

भावोजी परत आले ते फोटो बघून आधी खूशच झाले. नुसते हात आहेत, चालतील, हात काय कुणाचेही असतात. मग त्यांना काचेतला चेहरा दिसला. हा पुसून टाक, असं ते धाकटीला म्हणाले. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचं काम, ठाऊक आहे मला.

पाच मिनिटांचंच होतं. धाकटीनं तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली.

"पुसू दे तिला," ताई म्हणाली. तिनं कोपऱ्यातून पुरुषभर उंचीची, न कापलेली आरशाची काच आणून टेबलावर आडवी ठेवली आणि कटर नवऱ्यापुढे धरला. "हा नमुन्याचा आरसा. फोटोसोबत आजच जायचाय. ज्याचं नाव लिहिलंय त्यानं कापावा."

भावोजींनी काचेकडे पाहिलं. काचेत त्यांचाच कोट, त्यांचेच काळे केस आणि वर छत. कटर त्यांनी घेतला नाही. ते एवढंच म्हणाले, की फॉर्म तर भरून झालाय.

फॉर्म काउंटरवर होता. ताईनं तो आणला, काचेवरच ठेवला आणि पेन मागितलं. धाकटीनं खिशातलं दिलं. कारागीर या शब्दापुढे भावोजींचं नाव वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. ताईनं त्याच्यावरून एक रेघ ओढली, पट्टी न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसऱ्यांदा पेन फिरवायची तिला गरज पडली नाही.