पाच व्होल्टच्या रेषेचं पोट

मी पाच व्होल्टची रेषा बोलतेय. पाण्याच्या ट्रेमध्ये समोरासमोर दोन धातूच्या पट्ट्या ठेवून बॅटरी जोडतात. जिथे जिथे मीटर पाचच दाखवतो, ते ठिपके आलेखकागदावर जोडले की झाले मी. नाव समविभव रेषा. माझ्यावरून विद्युतभार दिवसभर हिंडवा, काम शून्य. आमचे सर टेबल ते चहा असे बावीस वर्षं हिंडले.

पुस्तकात मी सरळ. म्हणून मुलं ट्रेला हातच लावत नसत, मला जुन्या जर्नलमधून उतरवून घेत. ट्रे धुवायचे फक्त शिपाईमामा. तीन वर्षांपूर्वी सरांची सोन्याची अंगठी हरवली. मामांनीच चोरली असं ठरवून त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून ट्रेच्या तळाशी नुसता गाळ.

यंदा एका मुलीने खरंच मोजलं. मधोमध मला पोट आलं.

"सरळ कर," सर म्हणाले.

"मीटर असंच दाखवतोय, सर. तळाशी धातूचं काहीतरी असणार."

"मीटर मोठा की मी?"

तिने गाळात हात घातला आणि अंगठी काढली. आतून सरांचं पूर्ण नाव कोरलेलं.

सरांनी चष्मा पुसून वाचलं. "हे माझं नाव नाही."

अंगठी मान्य केली तर मामांची माफी मागावी लागणार, आणि त्या वयात ते झेपत नाही म्हणे. मग समिती बसली. तीन ज्येष्ठांनी बिस्किटं संपेपर्यंत विचार केला आणि लेखी दिलं: ही अंगठी नसून प्रायोगिक त्रुटी आहे. मुलीने रेषा सरळ करावी, नाहीतर नापास.

तिने मला जर्नलमधून टरकन फाडून घेतलं आणि कॉलेज सोडलं.

"एका रेषेपायी?" बापाने विचारलं.

"तुम्ही कधी एवढ्यापायी तरी काही सोडलंत?"

तिने सगळी हकिगत सांगून मला मामांकडे दिलं. हल्ली मी त्यांच्या पंक्चरच्या दुकानात भिंतीवर असते. कोपरे उडालेत, अंगावर वंगणाची बोटं उमटलीत. परवा सर स्कूटर ढकलत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही चुकलीय."

मामांनी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. "त्रुटी शोभते हो तुम्हाला, सर. हवा दोन्ही चाकांत भरू?"

सरांनी हात खिशात घातला.

माझं मागणं एवढंच. पट्टी घेऊन माझ्याजवळ येऊ नका. हे पोट आहे म्हणून मामा चोर नाहीत.