चुन्यातली ऊब

शैलाने तोंड बाजूला वळवलं आणि तांब्यातलं पाणी बेताने पत्र्याच्या डब्यात सोडलं. आतले चुन्याचे खडे क्षणभर तसेच पडून राहिले. मग तडतडले, फुगले आणि वाफेचा लोट उठला. झाकण सैल ठेवून तिने डबा घमेल्यातल्या वाळूत रोवला.

"पाय जवळ घ्या, आई. डब्याला मात्र हात लावू नका."

अनसूयाबाईंनी बाजेवरून पाय खाली सोडले. जठारपेठेतल्या त्या घरात सकाळची शेगडी पेटली की सासूबाईंचा दमा उसळायचा, आणि नाही पेटली तर थंडीने छाती भरायची. दोन्हीकडून खोकलाच. वाळू तापत गेली तशी त्यांनी वाकून घमेल्याखाली पाहिलं.

"विस्तू कुठं ठेवला?"

"विस्तव नाहीच. भट्टीत चुनखडी भाजली तेव्हाची ऊब आहे ही. पाणी मिळेपर्यंत खड्यात थांबून राहते."

"थांबून राह्यते?" अनसूयाबाई हसल्या. "धान्यावानी?"

शैलाही हसली. लग्नानंतर दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्याच नव्हत्या. अमरावतीला बी.एस्सी. झालेल्या शैलाला नागपूरला पुढे शिकायचं होतं. मुलगी पाहायला आलेल्या अनसूयाबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, 'सून घरात पाह्यजे.' तिचा नवरा रविकांत आईच्या शब्दाबाहेर नव्हता. विषय तिथेच मिटला होता.

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई स्वतःच चुन्याजवळ येऊन बसल्या. डब्यात उरलेली पांढरी भुकटी त्यांनी काडीने उकरली.

"हे मेलं का आता?"

"नाही. पुन्हा भाजलं तर यातलं पाणी उडून जाईल. मग पुन्हा ऊब देईल."

"मंग भाजू."

रविकांतने भुकटी मडक्यात भरून सायकलवरून चुनभट्टीवर नेली. भट्टीवाले नत्थुजी आधी हसले, पण मडकं त्यांनी ठेवून घेतलं. परत आलेल्या भुकटीवर शैलाने पाणी टाकलं, आणि वाळू खरोखर तापली. अनसूयाबाईंनी नवऱ्याला, खुशालरावांना, पेपर ठेवून यायला लावलं. शेजारच्या माणिकबाईंनाही हाक मारली. मूर्तिजापूरच्या शेतावरून आलेल्या गड्यालासुद्धा घमेल्यावर तळहात धरायला लावला.

मडकं पुन्हा भट्टीवर गेलं, पुन्हा आलं. या वेळी मात्र वाळू कोमट होऊनच राहिली.

अनसूयाबाई बराच वेळ घमेल्याजवळ पाय धरून बसल्या.

"काहून दमला हा?"

"हवेने बिघडला असेल. किंवा नीट भाजला गेला नसेल."

"असंन-नसंन नको. खरं काय ते सांग."

शैला झाकणाची कड पुसत राहिली. "खरं मला माहीत नाही, आई. वजन करून, उष्णता मोजून पाहावं लागेल. त्याला साधनं लागतात."

"कुठं असतात?"

"कॉलेजात."

"कोणत्या?"

शैलाने झाकण खाली ठेवलं. "नागपूरच्या."

घमेल्यातली वाळू अनसूयाबाई बोटांनी एका बाजूला सारत होत्या, पुन्हा सपाट करत होत्या.

संध्याकाळी रविकांत शाळेतून आला. चहाचा कप त्याच्या हाती देताना त्या म्हणाल्या, "शैलाले नागपूरले धाडाचं. तिथं नाव घालाले काय लागते ते इचारून ये."

रविकांतने शैलाकडे पाहिलं. तीही आईंकडेच पाहत होती.

"आई, तूच तर नाही म्हणाली होती."

"तवा मले मालूम नव्हतं, ते तिथं काय करतात."

"आणि तुझी थंडी? दोन वर्षं ही तिकडे राहिली तर?"

अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि त्या घमेल्यासमोर जाऊन बसल्या. डब्यात त्यांनी नवे खडे टाकले, आणि काठोकाठ भरायला लागल्या.

"अर्ध्यापर्यंतच, आई. फुलून वर येतो तो," शैला पुढे होत म्हणाली.

"मंग तसं सांग ना. अन् पाणी किती टाकाचं?"

शैला त्यांच्याशेजारी खाली बसली. सांगायचं होतं ते तिला पाठ होतं. तिने सासूबाईंची हनुवटी धरून त्यांचं तोंड अलगद बाजूला वळवलं.

"आधी डोळे सांभाळायचे," ती म्हणाली.